दुसरी प्रत

३ ऑक्टोबर, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा, ताईनं बळेबळे कोंबलेली शाल आणि डिस्क वाचायचं माझं यंत्र. यंत्र मांडीवर, कारण ते सामानात टाकायची माझी छाती नाही. टॅक्सीवाल्यानं विचारलं, एवढं जपून काय नेताय. मी म्हटलं, बाळ आहे. त्यानंतर तो सगळा रस्ता गप्प होता.

घर बघून जीव हरखला. शांत गल्लीच्या टोकाला दुमजली, पुढे लोखंडी फाटक, आणि मला वरची अख्खी खोली. स्वतःची खोली! ग्रंथालयानं आमचा चित्रफितींचा विभाग गुंडाळला तेव्हापासून मी ताईच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होते. भाओजी पेपर वाचायला आले की उशी काखोटीला मारून उठायचं. ताईनं कधी चकार शब्द काढला नाही. तिनं मला आईच्या माघारी वाढवलंय. मी कॉलेजला जाईस्तोवर माझी वेणी तीच घालायची, आणि अजून मला बारकी म्हणते.

हे काम तिनंच मिळवून दिलं. ती नर्स आहे. या घरातली मुलगी आजारी होती तेव्हा ताई शेवटपर्यंत इथेच ड्यूटीला असायची. मुलगी गेली. तिला सगळे बेबी म्हणायचे, वयानं माझ्याच बरोबरीची. आता घरात दोघंच. काकांचं चष्म्यांचं दुकान होतं, ते मुलगी गेल्यावर बंद केलं. काकूंना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. चष्मेवाल्याची बायको आणि ठार आंधळी, असं त्या स्वतःच हसत सांगतात. मला दोघंही आवडले.

५ ऑक्टोबर, बुधवार

संग्रह पाहिला आणि कपाळाला हात लावला. काकांचा कॅमेरा थेट डिस्कवर चित्रण करणारा होता. तळहाताएवढ्या डिस्का, चष्म्याच्या फ्रेमा ठेवायच्या उथळ खणांत एकावर एक रचलेल्या. वर चिकटपट्ट्या लावून त्यावर बॉलपेननं लिहिलेलं. डिस्कला चिकटपट्टी म्हणजे विषच, डिंक हळूहळू आतल्या थरात उतरतो. बऱ्याच डिस्कांच्या कडा तांबूस झाल्यात. अजून थोडा उशीर झाला असता तर बेबी दुसऱ्यांदा गेली असती. हे मी काकांना असंच बोलले आणि जीभ चावली. पण ते म्हणाले, बरोबर बोललीस, म्हणून तर तुला बोलावलं.

त्यांना माझी पद्धत समजावून सांगितली. डिस्क मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसायची, गोल गोल कधीच नाही. मग दोनदा वाचायची. प्रत्येक वाचनाचा एक लांबलचक आकडा निघतो. दोन्ही आकडे सारखे आले की आम्ही म्हणतो, जुळलं. मगच प्रती काढायच्या. आणि निदान एक प्रत दुसऱ्या छपराखाली ठेवायची, म्हणजे एक घर जळालं तरी सगळं जात नाही. दुसरं छप्पर म्हणून मी ताईचं नाव सुचवलं. काकांनी उघडा खण आत सरकवला.

काकूंची एकच अट. प्रत्येक डिस्क मी पूर्ण बघायची, मध्ये उडी मारायची नाही, आणि दुपारच्या चहाला त्यांना सगळं सांगायचं. त्यांना दिसत नाही, तेव्हा माझ्या डोळ्यांनी बघतील. एवढं तर मी बिनपगारी केलं असतं.

८ ऑक्टोबर, शनिवार

मजा येते आहे. बेबी फाटकावर चढली, बेबीनं कुत्र्याला चष्मा घातला, बेबी सायकल शिकली. दुपारी मी रंगवून सांगते, काकू पोट धरून हसतात, मध्येच काहीतरी विचारतात. आज विचारलं, सायकल शिकताना बेबीच्या कोटाच्या आत फ्रॉक कोणता होता. मी म्हटलं पिवळा, खिसा उसवलेला. समोर बसलेले काका पुटपुटले, जुळलं. माझाच शब्द उचललाय बेट्यानं.

काकू म्हणाल्या, ताईनं सांगितलं होतं तुझी स्मरणशक्ती पक्की आहे म्हणून. मला बरं वाटलं. तोंडावर कधी म्हणणार नाही ताई. तोंडावर नुसतं, बारके, पसारा आवर.

१२ ऑक्टोबर, बुधवार

आज एक गंमत झाली. तलावात पोहण्याची डिस्क सांगत होते. काकूंनी विचारलं, पाण्याला वास कसला होता. मी पट्कन म्हटलं, लोखंडाचा, गंजलेल्या शिडीचा. काका म्हणाले, जुळलं.

खोलीत आल्यावर लक्षात आलं. डिस्कला वास कुठून येणार?

शिडी चित्रात दिसली असेल, बाकी मी मनानं जोडलं असेल. पण शिडी दिसली नव्हती, हे मला पक्कं आठवतंय. जाऊ दे. बडबड्या माणसाच्या तोंडून काहीबाही निघतंच.

दुसरी गोष्ट जरा लागली. सायकलीवरून मनात आलं, मला सायकल कुणी शिकवली? डोळे मिटले तर सीट धरलेला हात दिसतो तो काकांचा. खूप ताणलं तरी दुसरा हात काही दिसेना. ताईला फोन केला. ती म्हणाली, तू सायकल शिकलीच नाहीस कधी. मी म्हटलं, अगं मग हा गुडघ्यावरचा व्रण कसला? ती म्हणाली, पडली असशील कुठेतरी, मला काय माहीत.

माझ्या अंगावरचा ओरखडा न् ओरखडा तिला पाठ आहे. तापात होती का काय ती.

१६ ऑक्टोबर, रविवार

मन शांत नाही. नीट लिहून काढते, म्हणजे बरं वाटेल.

सकाळी सहज प्रतींची पडताळणी करायला घेतली. मी आठवड्याला एकदा करतेच. झालेल्या सगळ्या डिस्कांचे आकडे पुन्हा काढले आणि बघतच राहिले. एक सोडून सगळ्यांचा आकडा एकच.

असं होत नाही. दोन वेगळ्या डिस्कांचा आकडा कधीही सारखा येत नाही. एका चित्रात एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी आकडा पार बदलतो. सगळ्यांचा आकडा सारखा यायचा एकच अर्थ, सगळ्या एकसारख्या कोऱ्या आहेत. मूळ डिस्का कोऱ्या. मी काढलेल्या प्रती कोऱ्या. काल वाचलेली डिस्क, जी मी काकूंना अजून सांगितलेली नाही, तेवढी शाबूत. तिच्यात बेबी दात दाखवून हसते आहे.

मी यंत्र बदललं, वायर बदलली. माझ्या हातून काय चूक झाली ते शोधत दिवस घालवला. परक्याच्या मेलेल्या मुलीचं सगळं माझ्या हातून पुसलं गेलं होतं. संध्याकाळी खाली जाऊन काकांना सगळं सांगितलं आणि रडले.

त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाले, काही पुसलं गेलेलं नाही, तू सांगितलंस तेव्हा आम्ही जुळवून बघितलंय. जतन झालं की जुनं ठेवायचं कशाला.

मी विचारलं, कुठे जतन झालं? त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या मायेनं ठेवला की मला बाजूलाही होता येईना.

१७ ऑक्टोबर, सोमवार

आज सकाळी अंथरुणातच स्वतःची परीक्षा घेतली. शाळेचं दार कसं होतं? बेबीच्या शाळेचं येतंय. माझ्या शाळेचं येत नाही. पहिली मैत्रीण? तिचीच येते. आई? आईचा चेहरा येतो, पण तो तरुण काकूंचा.

मी डोकं पकडून बसले. मग ताईला फोन लावला. आमच्या धंद्यात दुसऱ्या छपराखाली प्रत ठेवतात ती याच दिवसासाठी. माझ्या लहानपणाची दुसरी प्रत ताईकडे आहे. जगात आणखी कुणाकडे नाही.

मी म्हटलं, ताई, आईचं नाव सांग. मला आठवत नाहीये. मला भीती वाटतेय.

तिच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाली, बारके, फार विचार करू नकोस. मी पुन्हा म्हटलं, फक्त नाव सांग गं. ती म्हणाली, शेवटचा एकच खण राहिलाय ना, तेवढा पुरा कर, मग त्रास होणार नाही.

किती खण राहिलेत ते मी तिला सांगितलं नव्हतं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

निघून जायचं ठरवलं. बॅगा टाकल्या, नुसती पर्स घेतली. भर दुपार, फाटक उघडं, कुणी अडवलं नाही. काकूंनी उलट सांगितलं, ऊन आहे, डोक्यावरून घे.

कोपऱ्यावर टॅक्सी मिळाली. पत्ता विचारला तो मी खणखणीत सांगितला. मागे रेलून बसले. ताईला काय काय बोलायचं ते घोकत होते. दाराशीच बोलणार होते, सगळ्या मजल्यावरच्यांना ऐकू जाईल असं. भाओजींची भीड ठेवणार नव्हते. टॅक्सीनं एक वळसा घातला आणि थांबली. टॅक्सीवाला म्हणाला, बाई, इथेच तर बसलात तुम्ही.

लोखंडी फाटक. मी हाच पत्ता सांगितला होता. दुसरा मला येत नाही.

ताईच्या घराचा रंग, जिना, मजला, काही काही येत नाही. सहा महिने झोपले त्या सोफ्यावर. पुन्हा फोन केला, पत्ता दे म्हटलं. तिनं फोन ठेवला.

काका फाटकाशी उभे होते. त्यांनी टॅक्सीवाल्याला परत पाठवलं.

१९ ऑक्टोबर, बुधवार

डिस्कांना हात लावणार नाही असं सांगितलं. बरं म्हणाले. जबरदस्ती नाही, कुलूप नाही.

दिवसभर खोलीत बसले. आठवायला काहीच नाही म्हणजे काय असतं ते कुणाला सांगून कळणार नाही. मागे वळून बघावं तर सगळीकडे बेबी. तिच्याशिवाय नुसती एक रिकामी खोली, त्यात ताई आहे, वेणी घालते आहे, आणि मी. तेवढंच उरलंय माझं. ते मी इथे लिहून ठेवते.

ताई वेणी घालताना केस ओढायची. मी ओरडले की पाठीत धपाटा घालायची आणि मग गालाचा पापा घ्यायची. तिच्या बोटांना

कसला वास यायचा?

२० ऑक्टोबर, गुरुवार

शेवटच्या खणात तळाशी एक डिस्क. चिकटपट्टी नाही. मी लावली. कशाला लावली विचारू नका, रिकामं बसवत नाही.

त्यात ताई आहे.

खालची बैठक, चहाची वेळ, भिंतीवर बेबीचा हार घातलेला फोटो. मी बसते त्याच खुर्चीत ताई, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत. काकू विचारताहेत, पाण्याला वास कसला होता. ताई म्हणते, लोखंडाचा. कॅमेऱ्यामागून काका म्हणतात, जुळलं. आणि ताई एकदम तोंडावर हात घेते. तिला कळलंय. माझ्याहून कितीतरी आधी तिला कळलं.

मग ती काकूंच्या पाया पडली. म्हणाली, माझी मुलं लहान आहेत, मला सोडा. काकू म्हणाल्या, आमचीही एकच होती. ताई रडली, बराच वेळ रडली. मग डोळे पुसले. ती पगाराचं किंवा सुट्टीचं बोलते ना, तसं सरळ बोलली. म्हणाली, माझी धाकटी आहे. हुशार आहे, एकदा बघितलेलं विसरत नाही. हेच काम करते ती, तुम्हाला वेगळं शिकवायला नको. लग्न नाही, कुणी नाही.

काकांनी विचारलं, शोधत कुणी येईल का?

ताई म्हणाली, तिला माझ्याशिवाय कुणी नाही.

हे वाक्य ती नेहमी म्हणायची. शेजाऱ्यांना, शिक्षकांना, भाओजींना. मी सोफ्यावर पडल्या पडल्या ऐकायचे आणि मला ऊब वाटायची. मी जगातली सगळ्यात भाग्यवान बारकी आहे असं वाटायचं मला. तिनं तेच वाक्य इथे वापरलं. माझ्या जिवावर स्वतःचा जीव सोडवला तिनं, आणि मला शाल देऊन पाठवलं.

मरू दे. जळो ते नातं. मी तिला कधीही माफ करणार नाही. हे ठळक लिहून ठेवते. विसरले तरी इथे राहील. मी ताईला माफ केलेलं नाही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

काकूंना ती डिस्क सांगणार नाही. सांगितली तर ताईही जाईल. राग राग येतो तिचा, पण ती गेली तर माझं काहीच उरत नाही. राग तरी माझा आहे. बेबीचा नाही.

चहाला खाली गेले नाही. काकू जिन्याशी येऊन उभ्या राहिल्या, कठडा चाचपत. म्हणाल्या, सांग नाहीतर नको सांगू, दुपारची एकटी बसू नकोस. त्यांचा आवाज ऐकला आणि

आई म्हणणार होते मी. ओठांपर्यंत आलं होतं.

२२ ऑक्टोबर

उरलेल्या बघितल्या. सगळ्या. त्या बघताना निदान कुठेतरी असल्यासारखं वाटतं. खाली जाऊन सांगितल्या पण. जुळलं, जुळलं.

ती एक नाही सांगितली. उशीखाली आहे.

मागचं पान वाचलं. सोफ्यावर झोपणारी कोण ती बिचारी — तिच्या बहिणीनं फार वाईट केलं. वाचून रडू आलं मला. मग अक्षर माझंच आहे हे —

२४

आज चहाच्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं. एक नर्स होती ना, म्हटलं. पाया पडली होती — आणि मग थांबवेना. सगळं सांगितलं. काय म्हणाली तेही. काकांनी कप खाली ठेवला. मग —

जुळलं.

वर येऊन डिस्क बघितली. कोरी.

काहीतरी ठळक लिहून ठेवलं होतं मी. माफ केलेलं नाही. कुणाला?

२५

दुपार. खाली कुणी आलंय. आई हाक मारते आहे, बेबी, खाली ये, तुला भेटायला आल्यात. वही घेऊन आले, हातातून ठेववत नाही, का कोण जाणे.

दारात एक बाई उभी आहे. आत येत नाही. बाबा विचारताहेत, ओळखलंस का यांना?

ओळखलं की. माझ्या आजारपणात सगळं करायच्या त्या नर्सबाई. किती जीव लावला होता त्यांनी. पण मी हसले तर त्या मागे सरकल्या, आणि आता चौकट धरून रडताहेत, ऊर फुटल्यासारख्या. मला म्हणताहेत — बाबा त्यांना बाहेर नेताहेत, तरी त्या मागे वळून ओरडताहेत, आईचं नाव अमुक, सायकल मीच शिकवली, मीच — आणि मला सारखं बारकी म्हणताहेत. मी विचारलं, बारकी कोण, तर त्यांनी माझा हात धरला, बोटांना कसलातरी वास, आणि तो मला ओळखीचा —